तेलापाण्याचें वैर आणि त्यांचा मध्यस्थ

‘अळवावरचें पाणी’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत क्षणभंगुरतेचा निदर्शक म्हणून रूढ आहे. परंतु अळवाच्या पानावर पाणी कां ठरत नाहीं, असा प्रश्न आपणांपैकीं किती जणांनीं स्वतःस विचारला असेल? पानाच्या पृष्ठभागावर मेणासारख्या द्रव्याचा अतिसूक्ष्म व खडबडीत थर असतो. पाणी त्यास चिकटावयास नाखूष असतें, व आपलें अंग आवरून मोत्यासारखा थेंब होऊन घरंगळून जातें. आतां त्याच पाण्यांत साबणाचा किंवा रिठ्याचा लहानसा अंश मिसळून थेंब पानावर टाकावा. तो पसरतो व पान ओलें होतें. पान तेंच, पाणीही बहुतांशीं तेंच. मग हा पालट कशानें झाला?

प्रस्तुत लेखांत ह्या लहानशा प्रश्नापासून आरंभ करून, कारखान्यांत तेलकट लोखंड कसें धुतात येथपर्यंत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस नेणार आहों. आणि तेथून पुढें, धुतलेलें पाणी ज्या नदीस मिळतें त्या नदीपर्यंतही जाणार आहों. हा विषय पालकांनींही वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण आपल्या मुलांपैकीं पुष्कळ जण पुढें कारखान्यांत शिरतात, आणि नदी तर सर्वांचीच आहे.

पाण्याचें कातडें

पाण्याचे रेणु एकमेकांस घट्ट ओढून धरितात. पाण्याच्या पोटांतील रेणूस चहूं बाजूंनीं शेजारी असतात. परंतु पृष्ठभागावरील रेणूस वरच्या बाजूस सोबती नसतात, म्हणून तो आंत ओढला जातो. ह्यामुळें पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्याप्रमाणें वागतो. ह्या ताणास पृष्ठताण म्हणतात. शिवणाची सुई अलगद आडवी ठेविली असतां पाण्यावर राहते, ती ह्याच ताणाच्या बळावर. २५ अंश सेल्सिअस उष्णमानावर शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारें ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. सामान्य यंत्रतेलांचा ३० च्या आसपास असतो. चांगल्या धुलाईच्या द्रव्याचा एक भाग हजार भाग पाण्यांत घातला, तर पाण्याचा ताणही उतरून ३० च्या आसपास येतो. कातडें सैल झालें म्हणजे पाणी पसरतें व फटींत शिरतें.

पृष्ठभागाच्या ह्या अभ्यासाचा पाया ज्यांनीं घातला त्यांत एका गृहिणीचें नांव आदरानें घ्यावें लागतें. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील आग्नेस पोकेल्स हिला, त्या काळीं तेथील विद्यापीठें स्त्रियांस बंद असल्यामुळें, उच्च शिक्षण मिळालें नाहीं. परंतु स्वयंपाकघरांत भांडीं धुतांना पाण्यावर तेलकटपणाचा काय परिणाम होतो हें तिनें ध्यानपूर्वक पाहिलें, पत्र्याचें पन्हळ घेऊन त्यांत मापनें केलीं, आणि आपले निष्कर्ष इंग्लंडांत लॉर्ड रॅले ह्यांस पत्रानें कळविले. रॅले ह्यांनीं तें पत्र १८९१ सालीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकांत छापविलें. भांडीं घासण्याचें काम हलकें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानीं धरावें.

मध्यस्थाचें स्वरूप

तेल व पाणी एका बाटलींत घालून कितीही हालविलें, तरी क्षणांत तीं दोन्ही वेगळीं होतात. ह्या दोघांत जो समेट घडवून आणितो, त्यास दोन्ही पक्षांची ओळख असली पाहिजे. साबणाचा रेणु असाच आहे. त्यास एक डोकें आहे, तें पाण्याकडे ओढ घेतें. आणि एक लांब शेपटी आहे, ती कार्बनच्या अणूंची सांखळी असून तेलाकडे ओढ घेते. अशा द्रव्यांस कारखान्यांत ‘सर्फेक्टंट’ म्हणतात. आपण त्यांस पृष्ठक्रियाशील द्रव्यें म्हणूं. हे रेणु पाण्यांत पडले कीं प्रथम पृष्ठभागाकडे धांव घेतात, आणि डोकें पाण्यांत व शेपटी हवेंत ठेवून उभे राहतात. पृष्ठभाग भरून गेला म्हणजे उरलेले रेणु पाण्याच्या पोटांत शेपट्या आंत व डोकीं बाहेर असे गोल पुंजके करून राहतात. ह्या पुंजक्यांस मायसेल म्हणतात. साबणाच्या पाण्यांत असे पुंजके असावेत, हा विचार ब्रिस्टल येथील मॅकबेन ह्यांनीं १९१३ सालीं मांडला.

आतां यंत्राच्या एखाद्या तेलकट दांड्याची कल्पना करा. तो अशा पाण्यांत बुडविला असतां तीन क्रिया एकामागून एक घडतात. प्रथम पाणी पसरतें व तेलाच्या थराखालीं धातूच्या अंगास भिडतें. मग तेलाचा पातळ थर आपल्या कडांपासून आकसूं लागतो, त्याचे मणी होतात, आणि थोड्या हालचालीनें ते मणी धातु सोडून वर येतात. शेवटीं हे तेलकण सर्फेक्टंटच्या रेणूंनीं वेढले जाऊन पाण्यांत तरंगत राहतात. कांहीं अल्प तेल मायसेलच्या पोटांतही शिरतें. तात्पर्य, तेल विरघळत नाहीं, तर तें धातूवरून उचललें जातें.

साबणाकडून अल्कोहोलाकडे

साबणाचा मोठा दोष म्हणजे जड पाण्यांत त्याचा चुन्याशीं संयोग होऊन कांजीसारखा सांका तयार होतो. शिवाय तो चरबीपासून करावा लागतो. पहिल्या महायुद्धांत जर्मनीस चरबीची टंचाई भासली, तेव्हां १९१७ च्या सुमारास तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थलीनला आंखूड, शाखा असलेल्या शेपट्या जोडून ‘नेकाल’ नांवाचें द्रव्य केलें. धुण्यास तें सामान्यच ठरलें, परंतु कापड भिजविण्यांत फार तरबेज निघालें. शेपटीचा आकार बदलला कीं गुण बदलतो, हा धडा तेथेंच मिळाला.

१९३० सालीं त्याच देशांत शॉलर व विट्वर ह्यांनीं निराळीच वाट काढिली. लांब शेपटीच्या अल्कोहोलाशीं त्यांनीं एथिलीन ऑक्साइड ह्या वायूचा संयोग घडविला. ह्या वायूचे रेणु एकापुढें एक जोडले जाऊन अल्कोहोलाच्या टोंकाशीं एक सांखळी होते, व तींतील प्रत्येक ऑक्सिजन पाण्यास धरून ठेवितो. म्हणजे डोकें हवें तेवढें लांब करितां येतें! ह्या डोक्यावर विद्युद्भार नसल्यामुळें जड पाण्यांतील चुना त्याचें कांहीं बिघडवूं शकत नाहीं.

डोकें व शेपटी ह्यांचें प्रमाण मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकेंतील ग्रिफिन ह्यांनीं सुचविली. रेणूच्या एकंदर वजनांत ह्या पाणीप्रिय सांखळीचें वजन शेंकडा किती, तें काढावें व त्यास ५ नें भागावें. उदाहरणार्थ, १३ कार्बनांच्या अल्कोहोलाचें रेणुभारमान २०० आहे, व एथिलीन ऑक्साइडचें ४४. आठ रेणु जोडले तर सांखळीचा भार ३५२, व एकूण ५५२; म्हणजे शेंकडा सुमारें ६४, आणि अंक १२.८. तीनच जोडले तर १३२ व ३३२, म्हणजे अंक सुमारें ८. सामान्यतः ७ ते ९ अंकांचीं द्रव्यें भिजविण्यास व १३ ते १५ अंकांचीं धुण्यास योग्य मानितात. एकच शेपटी घेऊन केवळ जोडांची संख्या बदलल्यानें द्रव्याचा स्वभाव कसा पालटतो, हें ह्यावरून दिसेल.

सरळ शेपटी व शाखायुक्त शेपटी

आतां मुख्य विषयाकडे वळूं. खोबरेल तेलापासून मिळणाऱ्या अल्कोहोलाची शेपटी सरळ असते. परंतु खनिज तेलापासून ज्या रीतींनीं अल्कोहोल करितात त्यांत शेपटीस फांटे फुटतात. फ्रान्सांतील मार्सेल गेर्बे ह्यांनीं १८९९ सालीं दोन अल्कोहोलरेणूंचा एक मोठा रेणु करण्याची क्रिया दाखविली; तींत दुसऱ्या कार्बनावर नेमकी एक शाखा येते. जर्मनींतील ओटो रोलेन ह्यांनीं १९३८ सालीं शोधिलेल्या क्रियेनें ओलेफिनांशीं कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन ह्यांचा संयोग घडवून अल्कोहोलें करितां येतात. १० कार्बनांचें प्रोपिलहेप्टॅनॉल व १३ कार्बनांचें आयसोट्रायडेकॅनॉल हीं अशा शाखायुक्त अल्कोहोलांपैकीं होत.

फांट्यानें काय होतें? कडब्याच्या ताटांची पेंढी बांधा. ताटें सरळ असल्यामुळें अंगास अंग लावून बसतात, व पेंढी घट्ट होते. आतां बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधून पाहा. कितीही आवळली तरी मध्यें मोकळी जागा राहतेच. सर्फेक्टंटच्या शेपट्यांचेंही तसेंच आहे, आणि त्यांतून चार परिणाम निघतात.

पहिला, भिजविण्याची शीघ्रता. शाखायुक्त रेणु मायसेलच्या पुंजक्यांत सहजासहजी बांधले जात नाहींत; ते अधिक संख्येनें सुटे राहतात, व नवीन पृष्ठभाग उघडतांच तेथें त्वरित पोंचतात. फवाऱ्याखालून तेलकट भाग कांहीं सेकंदांतच पुढें सरकत असेल, तर ही त्वरा फार मोलाची ठरते.

दुसरा, फेसाचा दुबळेपणा. फेसाच्या बुडबुड्याची भिंत टिकते ती तींतील रेणु दाटीनें उभे असल्यामुळें. बाभळीची मोळी जशी विरळ, तशी ही भिंत विरळ. म्हणून फेस येतो तो लवकर मोडतो. घरीं फेस अधिक म्हणजे साबण चांगला असें मानण्याचा प्रघात आहे. कारखान्यांत मात्र फेस शत्रु आहे. तो पंपांत शिरतो, टाकीबाहेर सांडतो, व फवाऱ्याचा जोर मारितो.

तिसरा, पातळपणा. सरळ शेपट्या थंडींत एकमेकींस धरून गोठतात, व पाणी मिसळतांना चिकट गोळेही होतात. शाखायुक्त द्रव्य थंडींतही बहुधा ओततां येतें व पाण्यांत सहज मिसळतें.

चवथा, तेल सोडून देण्याचा गुण. हा प्रथमदर्शनीं दोष वाटेल, पण तो मोठा गुण आहे. आंखूड, शाखायुक्त शेपटीचा मध्यस्थ तेलकणांस सैल हातानें धरितो. टाकी स्थिर ठेविली कीं तेल वर येऊन तरंगतें, तें काढून टाकितां येतें, व तेंच पाणी पुनः उपयोगी पडतें. जें तेल फार घट्ट धरून ठेवितें, तें पाणी लवकर फेंकावें लागतें.

तथापि सरळ शेपटी निरुपयोगी असें कोणी समजूं नये. तेल पोटांत सांठविण्याच्या कामीं तीच पुष्कळदां वरचढ ठरते. म्हणून जाणते कारागीर दोहोंचें मिश्रण करितात.

कारखान्यांतील रीत

धातूवर रंग किंवा निकेलचा मुलामा चढवावयाचा असेल, तर तेलाचा लवलेशही राहून चालत नाहीं. राहिल्यास मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. पूर्वीं ह्यासाठीं ट्रायक्लोरोएथिलीन नांवाच्या द्रवाची वाफ सर्रास वापरीत. ती तेल उत्तम काढी. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं तें द्रव्य माणसांत कर्करोग उत्पन्न करणारें ठरविलें. अशा कारणांमुळें पुष्कळ ठिकाणीं पुनः पाण्याकडे वळावें लागलें.

अशा पाण्यांत सर्फेक्टंट एकटा नसतो. सोडा किंवा सिलिकेट ह्यांसारखे क्षार चरबीचा साबण करितात व सुटलेला मळ पुनः बसूं देत नाहींत. लोखंडास कॉस्टिक सोडा चालतो. ॲल्युमिनियमास तो खातो, म्हणून तेथें सौम्य क्षार घ्यावे लागतात. कॉस्टिक सोडा त्वचेस व डोळ्यांस तितकाच घातक असल्यामुळें हातमोजे व चष्मा ह्यांवांचून त्यास कोणी हात लावूं नये.

उष्णतेचाही येथें एक चमत्कार आहे. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते. परंतु एथिलीन ऑक्साइडपासून केलेले हे मध्यस्थ तापविले असतां एका ठराविक उष्णमानावर पाणी गढूळ होतें. कारण उष्णतेनें डोक्याची पाण्याशीं असलेली पकड सुटते. ह्या गढूळबिंदूच्या आसपास तेल पुष्कळदां उत्तम निघतें, व त्यावर गेल्यास फेस कमी होतो. कुशल कारागीर टाकीचें उष्णमान ह्या बिंदूकडे पाहून ठरवितो.

धुलाई पुरी झाली कीं नाहीं, हें ओळखण्याची परीक्षा मात्र अगदीं सोपी आहे. भाग स्वच्छ पाण्यानें पूर्ण खंगाळून उभा धरावा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर धातु स्वच्छ. पापुद्रा फाटून थेंब झाले तर तेथें तेल उरलें आहे. अळवाचें पान आम्हांस जें सांगत होतें, तेंच येथें लोखंड सांगतें.

नदीचा जाब

येथवर शाखेची थोरवी गाइली. आतां तिची दुसरी बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे.

१९४६ सालीं अमेरिकेंत ‘टाइड’ नांवाची धुलाईची पूड निघाली व तिचा प्रसार झपाट्यानें झाला. त्या काळच्या अशा पुडींतील मुख्य द्रव्याची शेपटी प्रोपिलीनचे चार रेणु जोडून केलेली, म्हणजे पुष्कळ शाखांची होती. कपडे उत्तम निघत. पण १९५० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर, बंधाऱ्यांखालीं, मैलापाण्याच्या टाक्यांवर फेसाचे डोंगर दिसूं लागले. कारण काय? पाण्यांतील सूक्ष्म जंतु अशी शेपटी टोंकापासून, उंसाचें कांडें कांडें तोडावें त्याप्रमाणें दोन दोन कार्बन करून खातात. जेथें एका कार्बनास चार दुसरे कार्बन चिकटले आहेत, तेथें त्यांचा दांत चालत नाहीं. म्हणून तें द्रव्य जसेंच्या तसें वाहत राहिलें. जर्मनींत १९६१ सालीं ह्याविषयीं कायदा झाला, आणि १९६५ पर्यंत अमेरिकेंतील उत्पादकांनींही घरगुती पुडींत सरळ शेपटी स्वीकारिली.

कारखान्यांत मात्र नोनिलफेनॉल नांवाच्या, शाखायुक्त शेपटी व बेंझीनचें कडें असलेल्या द्रव्याचे मध्यस्थ पुढेंही चालूं राहिले. त्यांचें डोकें जंतु खातात, परंतु नोनिलफेनॉल मागें उरतें. आणि तें माशांच्या शरीरांत स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करितें. युरोपीय संघानें २००३ च्या आदेशान्वयें २००५ पासून धुलाईंत त्याचा वापर जवळजवळ बंद केला. त्याची जागा ज्यांनीं घेतली त्यांत आपलीं शाखायुक्त अल्कोहोलें येतात. त्यांत बेंझीनचें कडें नाहीं, आणि शाखा मोजक्या असतील तर जंतूंस वाट मिळते. २००४ च्या युरोपीय नियमानें कसोटी अशी घातली, कीं प्रयोगशाळेंत २८ दिवसांत द्रव्याचा शेंकडा ६० भाग तरी पूर्णपणें विघटित व्हावा. मर्यादित शाखांचीं अल्कोहोलें ह्या कसोटीस उतरतात. शाखा जितक्या अधिक व दाट, तितका विलंब अधिक.

म्हणजे शाखा ही स्वतः चांगली नव्हे कीं वाईट नव्हे. एक शाखा फेस मोडिते. दाट शाखा नदीवर फेसाचे डोंगर उभे करितात. प्रमाण कोणतें हें रसायनशास्त्रज्ञानें ठरवावयाचें, आणि वापरलेलें पाणी कोठें जातें हें वापरणारानें पाहावयाचें. कारण विघटनक्षम द्रव्यासही वेळ व प्राणवायु लागतो. अलीकडच्या वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर पसरल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत वारंवार आल्या आहेत. शुद्ध न केलेलें मैलापाणी व कारखान्यांचें सांडपाणी नदींत सोडल्याचा तो परिणाम म्हणून सांगितला जातो. मैलापाण्याच्या टाकींत जंतूंस जो अवसर मिळावयाचा तो न देतां आपण पाणी नदींत लोटलें, तर उत्तमांतलें उत्तम द्रव्यही फेसच होऊन तेथें प्रकटेल. बाटलीवरील ‘विघटनक्षम’ ह्या शब्दानें आपलें उत्तरदायित्व संपत नाहीं.

आमचे जे विद्यार्थी पुढें कारखान्यांत काम करतील, त्यांनीं तेलकट दांडा हातीं घेतांना दोन प्रश्न विचारावे: हें तेल कशानें निघेल, आणि निघालेलें तेल व पाणी कोठें जाईल? ज्यास पहिल्याचें उत्तर येतें तो कारागीर. दोहोंचें येतें तो जाणता नागरिक.

विद्यार्थ्यांकरितां प्रश्न

१. अळवाच्या पानावर साधें पाणी, रिठ्याचें पाणी व साबणाचें पाणी ह्यांचे सारखे थेंब टाकून कोणता किती पसरतो तें मोजा.

२. १० कार्बनांच्या अल्कोहोलाचें रेणुभारमान १५८ आहे. त्यास एथिलीन ऑक्साइडचे ५ रेणु जोडले असतां ग्रिफिनचा अंक किती येईल? (उत्तर : सुमारें ११.६)

३. घरांतील तेलकट ताट धुऊन उभें धरा, व पाण्याचा पापुद्रा फाटतो कीं अखंड राहतो तें पाहा. फाटल्यास कारण सांगा.

४. आपल्या घरचें सांडपाणी मोरींतून निघून अखेर कोठें जातें, तें वडील मंडळींस विचारून लिहून काढा.